अवकाशातलं संगणन आणि कापसाचा चुकारा : गावातून गुंतवणूक करायची तर कशी

उपग्रहात बसवलेली एआय चिप आणि पृथ्वीभोवती फिरणारी डेटा सेंटरं (हजारो संगणक एकत्र चालवणारी केंद्रं) यांच्या बातम्या आता दारव्हा-दिग्रसच्या मोबाइलवरही रोज येतात. त्यांच्या मागोमाग "यात आत्ताच पैसे लावा" म्हणणारेही येतात. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. फक्त अवकाशातल्या डेटा सेंटरचाच धंदा करणाऱ्या कंपनीचा शेअर आपल्या साध्या डिमॅट खात्यातून घेता येत नाही. घेता येतात ते या धंद्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचे शेअर आणि संगणक उद्योगाचे फंड. त्यांची कमाई जवळपास सगळी जमिनीवरची आहे, त्यामुळे भावही जमिनीवरच्या कमाईचाच द्यायचा. पुढे कंपन्यांची नावं येतील ती अभ्यासाला, खरेदीचा सल्ला म्हणून नाही.

धंदा नेमका काय आहे

एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात आणि बातम्यांत ती एकत्र कालवली जातात.

पहिलं काम उपग्रहातच माहिती चाळण्याचं. फोटो काढणारा उपग्रह एका फेरीत प्रचंड माहिती गोळा करतो, पण जमिनीवरच्या अँटेनासमोरून तो काही मिनिटांतच निघून जातो. तेवढ्या वेळात सगळं खाली उतरत नाही. मग निम्मे फोटो ढगांचे असतील तर ते पाठवायचेच कशाला? युरोपच्या फाय-सॅट-१ या छोट्या उपग्रहाने २०२० मध्ये हेच करून दाखवलं : इंटेलची लहानशी चिप वरच ढगाळ फोटो वेगळे काढत होती. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भाचा साधा उपग्रह फोटो पाहिलेल्याला याचं मोल कळेल, पराटीऐवजी ढगांचा पांढरा कापूसच दिसतो सगळीकडे. हे काम आज खरोखर चालू आहे, त्याला गिऱ्हाईक आहे, संरक्षण खातं त्यात सगळ्यात मोठं.

दुसरं काम म्हणजे मोठी डेटा सेंटरं वर नेण्याचं. इथे अजून प्रयोग चालू आहेत. अमेरिकेतल्या स्टारक्लाउड कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे ६० किलोचा उपग्रह एनव्हिडियाची एच१०० ही एआयची ताकदवान चिप घालून वर पाठवला. त्याच महिन्यात गुगलने सनकॅचर प्रकल्प जाहीर केला. त्यात २०२७ च्या सुरुवातीपर्यंत दोन चाचणी उपग्रह सोडायचं ठरलं आहे. चीनने मे २०२५ मध्ये एकाच उड्डाणात १२ संगणन उपग्रह सोडले, योजना २,८०० ची आहे. स्पेसएक्सने २०२६ च्या सुरुवातीला दहा लाखांपर्यंत उपग्रहांची परवानगी मागणारा अर्ज अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे केला. अर्ज म्हणजे कमाई नव्हे, हे शेअर घेताना फार लोक विसरतात.

वर नेण्यामागे गणित काय? पृथ्वीजवळ सूर्याची ऊर्जा चौरस मीटरला सुमारे १,३६० वॅट मिळते. दिवस-रात्रीच्या सीमेवरून फिरणारी कक्षा निवडली तर ऊन जवळपास सतत मिळतं, ढग नाही, रात्र नाही, महावितरण नाही. उत्तम प्रतीचं पॅनेल त्यातली तीसेक टक्के ऊर्जा वापरतं, म्हणजे चौरस मीटरला ४०० वॅट. एक किलोवॅटला अडीच चौरस मीटर.

अडचण उष्णतेची आहे. वर थंडी असते म्हणून चिप आपोआप गार होईल, हा समज चुकीचा. वर हवा नाही, त्यामुळे पंखा नाही, कूलर नाही, पाण्याचा टॉवर नाही. उष्णता बाहेर जाते ती फक्त किरणांच्या रूपात, मोठ्या पत्र्यावरून. तो पत्रा २७ अंशावर ठेवला तर एका बाजूने चौरस मीटरला साधारण ४०० वॅट बाहेर जातात. म्हणजे एका किलोवॅटला पुन्हा अडीच चौरस मीटर. दोन्ही बाजू वापरल्या तर निम्मं.

आता सातबाराच्या भाषेत मांडू. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. आजचा एआय सर्व्हरचा एक भरलेला रॅक सुमारे १२० किलोवॅट खातो. त्याला ३०० चौरस मीटर पॅनेल लागतं, म्हणजे तीन आर, आणि उष्णता टाकायला दीड ते तीन आर पत्रा. हे एका कपाटाचं झालं. जमिनीवरची मोठी डेटा सेंटरं १०० मेगावॅटची असतात. तेवढ्यासाठी नुसतं पॅनेलच २५ हेक्टर लागेल. हे सगळं घडी घालून रॉकेटमध्ये बसवायचं, वर उलगडायचं, अवकाशातल्या कचऱ्यापासून वाचवायचं. किरणोत्सर्गाने संगणकाच्या स्मृतीतले अंक उलटतात ते दुरुस्त करत राहायचं. चिप बिघडली तर माणूस पाठवून बदलता येत नाही. गुगलने आपल्या अभ्यासात लिहून ठेवलं आहे की उड्डाणाचा खर्च किलोला २०० डॉलरच्या खाली आला तर हे जमिनीशी स्पर्धा करू शकेल, आणि तो २०३० च्या दशकाच्या मध्याला येईल असा त्यांचा अंदाज आहे. आज छोट्या उपग्रहाला जागा भाड्याने घ्यायची तर किलोला सहा-सात हजार डॉलर पडतात. फरक तीसपट आहे.

म्हणून या विषयातल्या कोणत्याही जाहिरातीत "दोन वर्षांत" असं दिसलं की तिथेच थांबावं.

आपल्या हाताला काय लागतं

चिपची साखळी परदेशात आहे. आराखडा एनव्हिडिया आणि एएमडीचा. प्रगत चिप घडवण्याचं काम बहुतांशी तैवानच्या टीएसएमसीकडे. त्यासाठी लागणारं अतिनील किरणांचं सगळ्यात पुढारलेलं यंत्र जगात एकटी नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. मेमरी एसके हायनिक्स, सॅमसंग, मायक्रॉनची. डेटा सेंटर वर्ध्यात होवो की वर अवकाशात, या कंपन्यांची विक्री होतेच. अवकाशातलं संगणन फसलं तरी चालणारा हा भाग आहे, म्हणून आमच्या मते पहिला विचार याच साखळीचा करावा. पण स्वस्त नाही आणि शांतही नाही : २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीक या एआय मॉडेलची बातमी आली आणि एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला.

भारतात सर्व्हर बनवणारी नेटवेब, जीपीयू (एआयला लागणाऱ्या चिप) भाड्याने देणारी ई२ई नेटवर्क्स अशा नोंदलेल्या कंपन्या आहेत. चिपची जोडणी आणि पॅकिंग करणारे प्रकल्प गुजरातेत साणंदला उभे राहत आहेत, त्यात सीजी पॉवर आणि केन्स यांच्या उपकंपन्या आहेत. इस्रोसाठी मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत बनलेला विक्रम-३२०१ हा ३२ बिटचा प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवण्यात आला. खास रॉकेटासाठी बनलेला हा आपला अस्सल अवकाश-संगणक, पण त्याचा शेअर नाही, तो सरकारचा आहे.

अवकाशाचा माल पुरवणाऱ्यांत एचएएल, एमटीएआर, डेटा पॅटर्न्स, पारस डिफेन्स, सेंटम, ॲस्ट्रा मायक्रोवेव्ह ही नावं बाजारात ऐकू येतात. एचएएलने २०२५ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटाचं तंत्रज्ञान ५११ कोटींची बोली लावून मिळवलं. रॉकेट बनवणाऱ्या स्कायरूट आणि अग्निकुल, उपग्रह बनवणारी पिक्सेल या कंपन्या खासगी आहेत, त्यांचे शेअर बाजारात मिळत नाहीत. हैदराबादची टेकमीटूस्पेस खऱ्या अर्थाने अवकाशातल्या संगणनावर काम करते, तीही खासगी. तिचा एमओआय-१ उपग्रह १२ जानेवारी २०२६ च्या इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६२ या रॉकेटवर होता. ते उड्डाण फसलं आणि उपग्रह गेला. त्याआधी मे २०२५ मध्ये सी६१ ही फसलं होतं. वर्षानुवर्षं भरवशाचं मानलेलं रॉकेट लागोपाठ दोनदा पडतं, असा हा धंदा आहे.

आता नागपूरचं उदाहरण जवळून पाहू, कारण ते आपल्या शेजारचं आहे आणि गोंधळ कसा होतो हे त्यातून नीट कळतं. स्कायरूटच्या घन इंधनाच्या मोटरींच्या चाचण्या नागपूरजवळ सोलर इंडस्ट्रीजच्या जागेत झाल्या, कलाम-५ ची २०२० मध्ये, कलाम-१०० ची २०२२ मध्ये. सोलरने स्कायरूटमध्ये पैसेही घातले. एवढं ऐकलं की कुणीही म्हणेल, "अरे, मग सोलर घेतला म्हणजे अवकाशात गुंतवणूक झाली!" कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. विक्रीचा मोठा भाग खाणींना लागणाऱ्या स्फोटकांचा, त्यानंतर दारूगोळा आणि संरक्षणाचा. कोळसा खाणी जोरात चालल्या, निर्यात वाढली, लष्कराच्या पिनाका रॉकेटच्या ऑर्डरी आल्या तर हा शेअर हलतो. स्कायरूटचं रॉकेट उडालं की पडलं याने कंपनीच्या नफ्यात डोळ्यात भरेल असा फरक पडत नाही. कंपनी चांगली की वाईट हा मुद्दा वेगळा. तुम्ही स्फोटकांचा धंदा विकत घेताय, हे माहीत असलं पाहिजे. आणखी एक गोष्ट, २०२५ च्या उत्तरार्धात या एका शेअरचा भाव दहा हजारांच्या वर होता. भारतात शेअरचा तुकडा घेता येत नाही. सहा हजार रुपये बाजूला काढलेल्याला तो घेताच येत नाही.

आधी वावराचा हिशेब

नोकरदारासाठी लिहिलेला "दर महिन्याच्या पाच तारखेला एसआयपी" (म्हणजे फंडात दर महिन्याला ठरलेला हप्ता) हा सल्ला कास्तकाराच्या घरात बसत नाही. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापसाचे डिसेंबर ते मार्च, तुरीचे त्यानंतर, संत्र्याचे बहार असेल तसे. मे-जूनला सगळं उलटं फिरतं, बी-बियाणं आणि खताला पैसे बाहेर जातात. जून ते सप्टेंबर खात्यात हजार-दोन हजारही नसतात. अशा वेळी एसआयपीचा हप्ता परत गेला की फंड काही बोलत नाही, पण बँक दर वेळी दंड कापते, बहुतेक ठिकाणी दोनशे ते पाचशे रुपये आणि वर जीएसटी. पाचशेच्या हप्त्यावर चारशेचा दंड! सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते.

क्रम असा ठेवा.

पीक कर्ज मुदतीत भरा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर फेडलं तर व्याज शून्य पडतं. "बिनव्याजी पैसा आहे तर तोच शेअरमध्ये फिरवू" असं डोकं चालवणारे भेटतात. फेडीच्या तारखेला शेअर वीस टक्के खाली असला तर सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं.

खासगी सावकाराचं किंवा कृषी केंद्राची उधारी असेल तर ती त्याच्याही आधी. महिन्याला दोन-तीन टक्के व्याजाला मात देणारा शेअर कुणाच्या हातात नाही.

मग पुढच्या पेरणीचा पूर्ण खर्च आणि दवाखान्यासाठी रक्कम बाजूला. पतसंस्थेत ठेवत असाल तर लक्षात ठेवा, पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

यातून समजा ६०,००० रुपये उरले. ही रक्कम तीन वाट्यांत जाते. ५४,००० एखाद्या मोठ्या फंड घराच्या (म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपनीच्या) लिक्विड फंडात टाका, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात. त्यातून दर महिन्याला २,००० रुपये त्याच फंड घराच्या निफ्टी ५० किंवा निफ्टी ५०० इंडेक्स फंडात (बाजारातल्या ठरलेल्या यादीतले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात) आपोआप वळते होतील अशी सूचना द्या, बारा महिन्यांची. याला एसटीपी म्हणतात. बँकेच्या खात्याला हात लागत नाही, म्हणून हप्ता परत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. वर्षभरात २४,००० वळते होतात, ३०,००० लिक्विडमध्येच राहतात. ती अडीअडचणीची रक्कम. बहुतेक लिक्विड फंडांतून ५०,००० किंवा शिल्लकीच्या ९० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम लगेच खात्यात काढता येते, बाकीची पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले ६,००० या लेखाच्या विषयाला. एकूण बचतीच्या दहा टक्के. दहाच्या वर जाऊ नका. बोंडअळी आणि पाऊस यांची जोखीम घरात आधीच आहे.

एसटीपी लावताना दोन चुका हमखास होतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे फंड निवडले जातात आणि सूचना स्वीकारलीच जात नाही. दोन्ही फंड एकाच घरचे हवेत. दुसरी चूक "रेग्युलर" योजना निवडण्याची. स्वतः ॲपवरून करत असाल तर नावात "डायरेक्ट" आणि "ग्रोथ" हे दोन्ही शब्द आहेत का ते पाहा. नाहीतर दलालाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जात राहतं.

खातं उघडताना कुठे अडतं

लागतं एवढंच : पॅन, आधारशी जोडलेला चालू मोबाइल नंबर, बँक खातं, पांढऱ्या कागदावरची सही. पॅन-आधार जोडणी आधी तपासा. घरबसल्या अर्धा तास पुरतो, अडलं तर आठवडे जातात. अडण्याची कारणं ठरलेली.

नाव. आधारवर पुंडलिकराव, पॅनवर पुंडलिक, पासबुकात आडनाव आधी. केवायसी (ओळखीची कागदपत्रं) तपासणारी यंत्रणा "राव" हा सन्मान आहे हे ओळखत नाही, तिला ते वेगळं नाव वाटतं. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याप्रमाणे पॅन, शेवटी बँक. उलट्या क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं.

बँक. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं खातं कित्येक ॲपच्या यादीत सापडत नाही, किंवा ऑनलाइन मंजुरी तिथे चालत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं जोडा. चुकारा ज्या खात्यात येतो तेच असलं तर सोपं.

मोबाइल आणि ई-मेल. हा सगळ्यात धोक्याचा मुद्दा आहे. सेवा केंद्रात खातं उघडून घेतलं की चालकाचाच ई-मेल, कधी कधी त्याचाच नंबर टाकला जातो. ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड तोच बदलू शकतो. माणूस भला असला तरी हे चालू देऊ नका. स्वतःचा ई-मेल बनवून घ्या आणि सीडीएसएल किंवा एनएसडीएल (डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या दोन संस्था) यांचा महिन्याचा उतारा त्यावर येतो का ते पाहा. उताऱ्यात दिसतं तेच तुमचं. ॲपमधले हिरवे आकडे पुरावा नाहीत.

नॉमिनी भराच. वारसाचा डिमॅटचा दावा सातबाराच्या फेरफारापेक्षा सोपा नसतो.

खात्याचा प्रकार विचारा. शिल्लक चार लाखांपर्यंत असेल तर मूलभूत सेवा डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही, चार ते दहा लाखांना शंभर रुपये. वायदे-ऑप्शनचा विभाग सुरू करायला ॲप पुन्हा पुन्हा विचारेल, नाही म्हणा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात अशा व्यवहारात उतरलेल्या दर १०० सामान्य माणसांतले ९३ तोट्यात होते.

सहा हजारांचं काय करायचं

सरळ उत्तर : एकेक शेअर शोधण्यापेक्षा एखादा निर्देशांक फंड. एचएएल, सोलर, एमटीएआर, डेटा पॅटर्न्स या कंपन्या निफ्टी इंडिया डिफेन्स निर्देशांकात होत्या, त्यावर चालणारे फंड आहेत. ताजी यादी निर्देशांकाच्या मासिक पत्रकात मिळते. पण इथेही वेळ साधायचा मोह नडतो. जुलै २०२४ मध्ये हा निर्देशांक शिखरावर होता, फंडांच्या जाहिराती तेव्हाच जोरात होत्या, आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरला. म्हणून सहा हजार एकदम टाकू नका, हजाराचे सहा भाग करा.

परदेशी चिप कंपन्यांसाठी नॅसडॅक १०० या अमेरिकन निर्देशांकावर चालणारे भारतीय फंड आणि ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आहेत. इथे एक खास खाच आहे. म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे न्यायचे यावर सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे, परदेशी ईटीएफसाठी आणखी एक अब्ज. ती भरली की फंड नवे पैसे घेणं थांबवतात. मग बाजारात जुनेच युनिट फिरत राहतात आणि मागणीमुळे भाव खऱ्या किमतीच्या वर चढतो, काही वेळा दहा टक्के किंवा त्याहून जास्त. शंभराचा माल एकशे दहाला घेतलात तर नॅसडॅक वाढूनही तुम्ही तोट्यात राहू शकता. खरेदीआधी फंड घराच्या संकेतस्थळावर त्या क्षणाची खरी किंमत पाहा, तिथे ती आयएनएव्ही म्हणून दाखवतात. बाजारभाव या किमतीच्या दोन टक्क्यांहून जास्त वर असेल तर घेऊ नका. आणि ऑर्डर नेहमी "लिमिट" (आपण ठरवलेल्या भावाची), "मार्केट" (मिळेल त्या भावाची) नको.

थेट अमेरिकेत पैसे पाठवून शेअर घेता येतात, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. दहा लाख रुपयांच्या वर पाठवले तर त्या वरच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापून ठेवतात, तो विवरणपत्रात परत मागता येतो. पण सहा हजारांसाठी बँकेचं पाठवणी शुल्क, डॉलरच्या दरातला फरक आणि दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद, एवढा उपद्व्याप परवडत नाही. लाखभराच्या खाली त्या वाटेला जाऊ नये.

तरीही एखादी कंपनीच घ्यायची असेल

कंपनीचा वार्षिक अहवाल एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. दोनशे-तीनशे पानं असतात, सगळी वाचायची गरज नाही.

पहिलं, विभागवार विक्री. "अवकाश" वेगळं दाखवलं आहे का? दाखवलं असेल तर शंभरात किती? पाचच्या खाली असेल तर ती अवकाशाची कंपनी नाही, मग पहिल्या पानावर कितीही मोठा रॉकेटचा फोटो असो.

दुसरं, हातातल्या ऑर्डरी आणि वर्षाची विक्री यांचं प्रमाण. तीनपट ऑर्डरी ऐकायला छान, पण त्या किती वर्षांत पुऱ्या करायच्या ते पाहा. दर तिमाहीला विक्री तेवढीच आणि ऑर्डरी फुगत असतील तर कारखान्याची ताकदच कमी पडतेय.

तिसरं, येणं बाकी. इस्रो, डीआरडीओ, सरकारी कारखाने ही गिऱ्हाईकं बुडवत नाहीत, पण उशिरा देतात. कापूस जिनिंगवर घातला, पट्टी हातात आली आणि चुकारा चार महिने नाही, अशी ही गत. कागदावर विक्री झाली, नफाही दिसतो, खिशात पैसा नाही. येणं बाकीला वर्षाच्या विक्रीने भागा आणि ३६५ ने गुणा. विक्री ४०० कोटी, येणं २०० कोटी, तर १८२ दिवस. हा आकडा तीन वर्षांत वाढत गेला असेल तर दूर राहा. त्यालाच जोडून रोख प्रवाहाचं पान उघडा. धंद्यातून आलेली रोकड तीन वर्षांच्या नफ्याच्या निम्मीही नसेल तर नफ्यावर भरवसा ठेवू नका.

चौथं, गिऱ्हाईकांची संख्या. निम्मी विक्री एकाच गिऱ्हाईकाला जात असेल तर एका उड्डाणाच्या अपयशाने पुढच्या सगळ्या मोहिमा लांबतात आणि बिलंही लांबतात.

पाचवं, प्रवर्तकांनी (कंपनीच्या मूळ मालकांनी) आपले शेअर गहाण ठेवलेत का. तिमाहीच्या भागधारक तक्त्यात ते दिसतं.

भाव शेवटी पाहायचा. शंभर रुपयांच्या शेअरमागे वर्षाला एक रुपया कमाई असेल तर शंभरपट. या क्षेत्रात साठ-सत्तरपट भाव सर्रास असतो. तेवढा भाव देताना कंपनीला पुढची कित्येक वर्षं एकही चूक करायला जागा उरत नाही.

छोट्या कंपन्यांच्या एसएमई आयपीओपासून (पहिल्यांदा होणाऱ्या शेअर विक्रीपासून) लांब राहा. तिथे आता किमान अर्जच दोन लाखांच्या वर जातो आणि नोंदणीनंतर विकायला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. "ग्रे मार्केटमध्ये (नोंदणीआधीच्या तोंडी व्यवहारात) इतका भाव चाललाय" हा आकडा कुठेही अधिकृत नोंदला जात नाही.

फसवणुकीचे तीन साचे

"स्पेसएक्सचे शेअर आयपीओआधी स्वस्तात." ती अमेरिकन कंपनी आहे. तिचे शेअर कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवरून यूपीआयने विकत नाही.

"सर्व्हरचा तुकडा घ्या, आम्हीच भाड्याने घेऊ, महिन्याला ठराविक रक्कम." या नमुन्याची 'क्लाउड पार्टिकल' नावाची योजना देशात चालली. ईडीने २०२५ मध्ये त्यात अटका केल्या, रक्कम साडेतीन हजार कोटींच्या पुढे सांगितली. विकलेली जागा प्रत्यक्षात फारशी नव्हतीच, असा आरोप आहे. ठराविक परतावा आणि "एआय" हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिथून उठा.

तिसरा, बनावट ॲप. पहिल्यांदा पाच हजार टाकले की आठ दिसतात, दोन हजार काढूही देतात. मोठी रक्कम टाकली की काढताना "आधी कर भरा" म्हणतात. शेअरवरचा कर ॲपला कधीच भरायचा नसतो.

पैसे पाठवण्याआधी करायचं एक काम : ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलाल आणि फंडांच्या यूपीआय पत्त्यात "व्हॅलिड" (valid) हा शब्द बँकेच्या नावाआधी येतो, आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात वर केलेल्या अंगठ्याची खूण दिसते. सेबीच्या संकेतस्थळावरच्या "सेबी चेक" सुविधेत तो पत्ता टाकून पाहा. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्यानंतर पोलीस ठाणं. उशीर झाला की रक्कम दहा खात्यांत फुटलेली असते. नोंदणीकृत दलालाविरुद्धची तक्रार असेल तर ती सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या संकेतस्थळावर करायची.

विकणं आणि कर

विकण्याची कारणं खरेदीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा : येणं बाकीचे दिवस वाढले, गहाण शेअर वाढले, किंवा हा दहा टक्क्यांचा वाटा फुगून वीस टक्के झाला. शेवटच्या कारणासाठी वर्षातून एकदा, चुकारा आल्यावर, वाटा पुन्हा दहावर आणा. थोडे थोडे शेअर दहादा विकू नका. प्रत्येक विक्रीच्या दिवशी कंपनीमागे पंधरा-वीस रुपये डिमॅट शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, एक हजाराच्या विक्रीवर तो दोन टक्के झाला.

भारतीय शेअर वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर विकले तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. लिक्विड फंडाचा नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवतात, आणि एसटीपीचा प्रत्येक हप्ता ही त्याची विक्री धरली जाते. रक्कम किरकोळ असते, तरी वर्षाचा उतारा काढून ठेवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते पाच हजारांच्या वर असेल तर विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचा. शेतमालाच्या पट्ट्या आणि सातबारा त्यासाठी एका फाइलमध्ये असू द्या, कारण खात्यात आलेला चुकारा शेतीचाच आहे हे विचारलं गेलं तर तेच दाखवावं लागतं.